नेट गेलं की राउटरला हात लावायच्या आधी एक आकडा वाचा

माझ्या आत्याचा फोन साधारण रविवारी सकाळी येतो आणि वाक्य ठरलेलं असतं, "अरे, नेट गेलंय." मी विचारतो वायफाय दिसतंय का, ती म्हणते दिसतंय की, फुल दांड्या आहेत, म्हणून तर तुला फोन केला. तोपर्यंत तिनं राउटर दोनदा बंद-चालू केलेला असतो, आतोबांनी मागच्या सगळ्या वायरी काढून परत खोचलेल्या असतात, त्यातली एखादी चुकीच्या भोकात, म्हणजे आता मूळ बिघाड काय होता आणि यांनी त्यात भर काय घातली हे दोन्ही शोधायचं काम माझं.

तर आधी त्या दांड्यांचं बघू, कारण निम्मा गोंधळ तिथंच असतो. वायफायच्या दांड्या म्हणजे तुमचा लॅपटॉप आणि हॉलमधला राउटर यांच्यातलं अंतर, बास. राउटरच्या पुढं इंटरनेट येतंय की नाही याच्याशी त्या दांड्यांचा काही संबंध नाही. सोसायटीतलं पाणी डोळ्यासमोर आणा. नळ नवा कोरा आहे, पाइप ठणठणीत आहे, पण वरची टाकीच रिकामी, तर नळाकडं बघून काय कळणार? मधे एक टाकी आहे आणि टाकीच्या मागं महापालिकेची लाइन आहे, पाणी कुठं अडलंय ते टप्प्याटप्प्यानं बघावं लागतं. नेटचंही तसंच, लॅपटॉप ते राउटर हा एक टप्पा, राउटर ते कंपनी हा दुसरा, आणि कंपनी ते बाकीचं जग हा तिसरा. कुठल्या टप्प्यावर अडलंय हे सांगणारा एक आकडा तुमच्याच कॉम्प्युटरमधे पडलेला असतो, त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात, आणि काहीही उपटायच्या आधी तो वाचायचा.

त्याच्याही आधी एक मिनिटाचं काम. घरातला दुसरा फोन घ्या, त्याचा मोबाइल डेटा बंद करा आणि मग वायफायवर काहीतरी उघडून बघा. डेटा बंद करणं महत्त्वाचं आहे, नाहीतर फोन गुपचूप सिमवरून नेट घेतो आणि तुम्ही म्हणता "फोनवर तर चालतंय", आणि मग दोन तास लॅपटॉप उघडून बसता. फोनवर खरंच चालतंय आणि लॅपटॉपवर नाही, तर दोष लॅपटॉपचा. दोन्हीकडं नाही, तर राउटर किंवा त्याच्या पुढं.

आता तो आकडा. विंडोजवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, छोटी खिडकी येईल, त्यात सीएमडी टाइप करून एंटर मारा. काळी स्क्रीन आली की घाबरू नका, तिथं आयपीकॉन्फिग असं टाइप करायचं, मधे स्पेस न देता (मी इथं देवनागरीत लिहितोय, तुम्ही अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करा), आणि परत एंटर. बराच मजकूर पळत येतो. त्यात ब्लूटूथचं काहीतरी, व्हर्च्युअलचं काहीतरी असतं, "मीडिया डिसकनेक्टेड" असं लिहिलेलं दिसतं, त्या सगळ्याकडं दुर्लक्ष करा. वायफाय वापरत असाल तर "वायरलेस लॅन अडॅप्टर वायफाय" ही चौकट शोधा, वायर लावली असेल तर "इथरनेट अडॅप्टर". तिथं तीन ओळी कामाच्या, आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क (त्याचं काम पुढं सांगतो), आणि डिफॉल्ट गेटवे, म्हणजे राउटरचा घरातला नंबर. एफई८० नं सुरू होणारी एक लांबलचक ओळ पण असेल, ती आयपीव्ही६ ची घरगुती ओळख आहे, ती जवळजवळ कायमच असते, आत्ता तिच्या नादी लागू नका.

आयपीव्ही४ समोर १९२.१६८ नं सुरू होणारा आकडा दिसला, समजा १९२.१६८.१.७, आणि गेटवेसमोर १९२.१६८.१.१, तर शाबास, लॅपटॉप आणि राउटर यांचं बोलणं झालेलं आहे, बिघाड बहुतेक पुढं आहे. काही राउटर १० नं सुरू होणारा नंबर देतात, काही १७२.१६ ते १७२.३१ मधला, तेही ठीकच. हे तीन पट्टे घरगुती आणि ऑफिसच्या आतल्या वापरासाठी १९९० च्या दशकापासून राखून ठेवलेले आहेत, म्हणून तुमच्या घरात १९२.१६८.१.७ असतो आणि शेजाऱ्याच्या घरातही नेमका तोच असतो आणि कुणाचंच काही बिघडत नाही.

पण तिथं १६९.२५४ नं सुरू होणारा आकडा दिसला, तर गोष्ट वेगळी, आणि हीच माझ्या अनुभवात घरच्या कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त भेटणारी भानगड आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कॉम्प्युटरला आपला नंबर जन्मापासून ठाऊक नसतो. तो नेटवर्कला जोडला की आधी सगळ्यांना उद्देशून ओरडतो, "कुणी आहे का, मला नंबर पाहिजे." राउटर ऐकतो आणि म्हणतो, "हा घे, १९२.१६८.१.७ रिकामा आहे." कॉम्प्युटर म्हणतो, "चालेल, हाच द्या." राउटर म्हणतो, "ठरलं, तुझ्या नावावर लिहिला." हा चार वाक्यांचा संवाद म्हणजे डीएचसीपी, नाव काहीही अवघड असू दे. आणि नंबर कायमचा मिळत नाही, भाड्यानं मिळतो, आपल्याकडं फ्लॅटचा अकरा महिन्यांचा करार असतो तसा इथं काही तासांचा किंवा दिवसाचा, बऱ्याच घरगुती राउटरमधे २४ तासांचा. अर्धी मुदत संपली की कॉम्प्युटर आपणहून हळूच करार वाढवून घेतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही.

आता समजा कॉम्प्युटर ओरडला आणि उत्तरच आलं नाही. परत ओरडला, परत शांतता. मग तो कंटाळून स्वतःच स्वतःला एक नंबर देऊन टाकतो, आणि या कामासाठी राखीव ठेवलेला पट्टा म्हणजे १६९.२५४. विंडोजमधे ही सोय विंडोज ९८ पासून आहे. दोन कॉम्प्युटर राउटरशिवाय नुसत्या वायरीनं जोडले तर त्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ती केलेली, पण घरात हा आकडा दिसला की त्याचा अर्थ एवढाच, "मी हाक मारली, कुणी ओ दिली नाही." गेटवेची ओळ पण मग रिकामी असते. थोडक्यात हा नंबर पडलेला असताना तुम्ही ब्राउझर बदला, कॅशे साफ करा, अँटिव्हायरसला शिव्या घाला, काही होणार नाही, कारण अजून पहिलाच टप्पा पार झालेला नाही.

ओ का मिळाली नाही याची कारणं ठरलेली आहेत. राउटर गरम होऊन लटकलाय, वायर अर्धवट बसलीय (त्या प्लास्टिकच्या खटक्याचं टोक तुटलं की वायर दिसते बसल्यासारखी पण आतून सुटलेली असते), कुणीतरी राउटरच्या सेटिंगमधे ठरावीक उपकरणांनाच परवानगी देऊन ठेवलीय, अँटिव्हायरसच्या फायरवॉलनं हा संवादच अडवलाय, किंवा राउटरकडचे नंबर संपलेत. शेवटचं वाचून हसू येईल पण होतं असं, काही राउटरमधे वाटायला १०० ते १५० एवढेच नंबर ठेवलेले असतात, आणि गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं, प्रत्येकाचे दोन दोन फोन, टीव्ही, कॅमेरे, की संपलं. त्यात आजकालचे फोन स्वतःची ओळख बदलून येऊ शकतात, म्हणजे एकच माणूस राउटरला दोन माणसं वाटतो.

उपाय, सोप्यापासून सुरू करू. त्याच काळ्या स्क्रीनवर आयपीकॉन्फिग /रिलीज टाइप करा, एंटर, मग आयपीकॉन्फिग /रिन्यू, एंटर. तिरक्या रेघेच्या आधी एक स्पेस. पहिल्यानं जुना नंबर सोडला जातो आणि दुसऱ्यानं नवीन हाक मारली जाते. अ‍ॅपलचा मॅक असेल तर वायफायच्या डिटेल्समधे टीसीपी-आयपी नावाचा भाग आहे, तिथं "रिन्यू डीएचसीपी लीज" असं बटणच दिलंय. नाही झालं तर आता राउटर बंद करा, पण बंद-चालू असं टकटक नाही, प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, मग लावा, आणि दोन-तीन मिनिटं त्याला उठू द्या. लॅपटॉपही एकदा "रीस्टार्ट" करा. शटडाउन करून परत चालू करणं आणि रीस्टार्ट यात फरक आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची एक गोष्ट आलीय, ती चालू असली की शटडाउन केल्यावर विंडोजचा आतला गाभा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तसाच उचलला जातो, म्हणजे रुसलेला ड्रायव्हर (वायफायचं कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) रुसलेलाच उठतो. रीस्टार्ट केलं की सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं. चमत्कारिक आहे, पण आहे.

तिसरा प्रकार, आणि यात मी स्वतः एक अख्खी दुपार घालवलीय. आकडा १९२.१६८ चाच, दिसायला एकदम शहाणा, पण नेट नाही. आत्याकडं नवीन फायबर घेतलं, माणूस येऊन डबा बसवून गेला, सगळ्यांचे फोन चालू, टीव्ही चालू, फक्त आत्याचा जुना लॅपटॉप ढिम्म. मदत केंद्राला फोन केला की ते म्हणायचे आमच्याकडून लाइन ओके आहे, आणि खरं सांगायचं तर ती ओकेच होती. मी गेल्यावर बघितलं तर लॅपटॉपचा नंबर १९२.१६८.०.५० आणि नवीन राउटरचा १९२.१६८.१.१. शून्य आणि एक, एवढाच फरक. कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी दुरुस्तीवाल्यानं त्या लॅपटॉपमधे नंबर हातानं टाकून ठेवला होता, जुना राउटर शून्यवाला होता म्हणून तो इतकी वर्षं चालला, नवीन आला एकवाला.

इथं सबनेट मास्क कामाला येतो. २५५.२५५.२५५.० याचा अर्थ, पहिले तीन आकडे गल्लीचं नाव आणि शेवटचा आकडा घर नंबर. १९२.१६८.० ही एक गल्ली, १९२.१६८.१ ही दुसरी. आत्याच्या लॅपटॉपला वाटत होतं मी शून्य गल्लीत राहतो, आणि गल्लीबाहेर जायचा दरवाजा १९२.१६८.०.१ वर आहे, आणि त्या नंबरवर आता कुणीच राहत नव्हतं. तो बिचारा रोज जुन्या दारावर जाऊन थाप मारत होता. उपाय अर्ध्या मिनिटाचा, सेटिंग्जमधे नेटवर्क अँड इंटरनेट, तिथं आपल्या वायफायच्या प्रॉपर्टीज, आणि आयपी असाइनमेंटसमोर "मॅन्युअल" असेल ते "ऑटोमॅटिक" करायचं. झालं. ऑफिसमधून घरी आणलेल्या लॅपटॉपमधे पण हे हमखास सापडतं. पण ऑफिसचा लॅपटॉप असेल तर बदलायच्या आधी जुने आकडे फोनवर फोटो काढून ठेवा, सोमवारी आयटीवाल्यांसमोर उभं राहायचंय.

हातानं नंबर टाकायच्या सवयीतून अजून एक दुखणं येतं, दोघांना एकच नंबर. प्रिंटरला कुणीतरी १९२.१६८.१.७ कायमचा देऊन ठेवला, प्रिंटर महिनाभर बंद, राउटरला वाटलं नंबर रिकामा आहे म्हणून त्यानं तो लॅपटॉपला दिला, आणि मग एक दिवस प्रिंटर चालू केला. आता नेट येतं-जातं, येतं-जातं, आणि प्रिंटर बंद केला की बरं वाटतं. असं विचित्र काही असेल तर हा संशय घ्या. प्रिंटरला एकच नंबर हवा असेल तर तो प्रिंटरमधे टाकू नका, राउटरच्या पानावर जाऊन त्या प्रिंटरच्या नावानं राखून ठेवा, म्हणजे राउटर तो दुसऱ्याला देणार नाही. राउटरचं पान म्हणजे गेटवेचा जो आकडा आहे तो ब्राउझरमधे वरती टाइप करायचा, पासवर्ड बहुतेक राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो.

बरं, समजा नंबर बरोबर आहे, गेटवे बरोबर आहे, तरी नेट नाही. आता पिंग. पिंग म्हणजे दुसऱ्याला "ऐकू येतंय का" असं विचारणं आणि उत्तराला किती वेळ लागला ते मोजणं. आधी पिंग, स्पेस, आणि गेटवेचा आकडा. उत्तरं आली आणि समोर एक-दोन, पाच मिलिसेकंद असं काही दिसलं तर तुमचा राउटर जिवंत आहे. उत्तर शंभराच्या वर जातंय, मधेच गायब होतंय, तर वायफाय कमजोर आहे, म्हणजे भिंती, अंतर, किंवा शेजाऱ्यांचा गोंगाट. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय लांब जातं पण त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि एका इमारतीत तीस राउटर असले की सगळे त्याच तिघांत कोंबलेले, वर मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथंच बडबडतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळं, पण दोन भिंती ओलांडताना दमतं. आणि जुन्या लॅपटॉपला ते दिसतच नाही, म्हणून "माझ्या वायफायचं नावच येत नाही" ही तक्रार आली की आधी लॅपटॉपचं वय विचारा.

गेटवे बोलला तर पुढं पिंग ८.८.८.८. हा गुगलचा नंबर आहे, २००९ पासून चालू, लक्षात ठेवायला सोपा म्हणून जगभर सगळे तोच वापरतात. गेटवे बोलतो आणि ८.८.८.८ बोलत नाही, तर पाणी टाकीच्या मागं अडलंय, लॅपटॉपला आता हात लावू नका. दोन्ही बोलतात पण पिंग करून एखाद्या साइटचं नाव दिलं की "नाव सापडलं नाही" असं काहीतरी येतं, तर बिघाड डीएनएसचा.

डीएनएस म्हणजे फोनमधली नावांची यादी. तुम्ही नाव लिहिता, कॉम्प्युटरला नंबर लागतो, मधे कुणीतरी नावाचा नंबर सांगणारा लागतो. तो साधारण तुमच्या नेटवाल्या कंपनीचा असतो आणि तो बसला की नेट चालू असूनही काहीच उघडत नाही. उपाय, जिथं आपण आयपी असाइनमेंट बघितलं त्याच पानावर खाली डीएनएसची ओळ असते, तिथं मॅन्युअल करून ८.८.८.८ आणि दुसरा १.१.१.१ टाका, दुसरा क्लाउडफ्लेअरचा, २०१८ च्या एक एप्रिलला सुरू केला, पण मस्करी नव्हती. मग काळ्या स्क्रीनवर आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस, म्हणजे लक्षात ठेवलेली जुनी उत्तरं पुसली जातात. एक सांगतो, एखादी साइट पिंगला उत्तर देत नाही म्हणून ती बंद आहे असं नसतं, बरेच जण मुद्दाम पिंगला उत्तर देत नाहीत. त्यामुळं एका साइटवरून निकाल लावू नका.

आता टाकीच्या मागं, म्हणजे कंपनीकडचा भाग. फायबर असेल तर भिंतीवर एक डबा असतो, त्यावर पॉन आणि लॉस असे दोन दिवे. पॉन स्थिर हिरवा पाहिजे. लॉस लाल झाला म्हणजे काचेच्या तारेतून उजेडच येत नाहीये, तार कुठंतरी तुटली, मुडपली किंवा निघाली. ती बारीक, बहुतेक पिवळी वायर कपाटामागं दाबून काटकोनात वळवली तरी उजेड गळतो, म्हणून आधी तेवढं बघा, सरळ करा, आणि तरीही लाल असेल तर तुमच्या हातात काही नाही, तक्रार करा. पॉन हिरवा, लॉस बंद, पण इंटरनेटचा दिवा लाल, तर लाइन आहे पण लॉगिन होत नाही, म्हणजे बिल राहिलंय किंवा युजरनेम-पासवर्ड गेलाय.

आणि इथं मी हात जोडून एक गोष्ट सांगतो. राउटरच्या मागं एक बारीक भोक असतं, टाचणी घालून दाबायचं, त्याला रिसेट म्हणतात. ते दाबू नका. रीस्टार्ट वेगळं आणि रिसेट वेगळं. बऱ्याच कनेक्शनवर राउटरमधे पीपीपीओई नावाचं लॉगिन भरलेलं असतं, रिसेट केलं की ते पुसलं जातं, तो युजरनेम तुमच्याकडं नसतो, केबलवाल्याकडं असतो, आणि केबलवाला रविवारी फोन उचलत नाही. आतोबांनी हे एकदा केलेलं आहे. नवीन राउटर विकत घेऊन लावला आणि नेट येत नाही असं झालं तर अजून एक कारण असतं, काही लोकल ऑपरेटर तुमचं कनेक्शन जुन्या राउटरच्या मॅक अ‍ॅड्रेसला बांधून ठेवतात, म्हणजे त्या यंत्राच्या अंगावरच्या बारा अक्षरी नंबराला, तर फोन करून नवीन नंबर नोंदवून घ्या.

लाइट गेल्यावरचं पण बोलू, कारण आपल्याकडं तो रोजचा विषय आहे. राउटरला छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावला तरी काहींचं नेट जातं आणि काहींचं राहतं. फायबरच्या लाइनवर मधे जे फाटे असतात त्यांना वीज लागत नाही, उजेड नुसता वाटला जातो, म्हणून कंपनीच्या टोकाला वीज असेल तर नेट राहतं. पण गच्चीवर डबा ठेवून तिथून साध्या लॅन वायरीनं घराघरात नेट देणारे असतात, त्यांच्या डब्याला वीज लागते, त्या इमारतीची लाइट गेली की तुमचा यूपीएस काय करणार. आणि गच्चीवरून आलेली ती लॅन वायर पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडायला लागली की काढून ठेवा, एका कडाक्यात राउटरचा पोर्ट जातो, कधी कधी कॉम्प्युटरचाही.

वायरीवरूनच आठवलं, दोनशे एमबीपीएस वेगाचा प्लॅन आणि वायर लावूनही वेग पंच्याण्णवच्या आसपासच अडकलाय, असं असेल तर कंपनीशी भांडायच्या आधी वायर बदला. लॅन वायरीत आठ तारा असतात, शंभरपर्यंतच्या वेगाला चारच लागतात, त्यापुढं आठही लागतात. उरलेल्या चारांतली एखादी तुटली की दोन्ही बाजू गपचूप शंभरवर उतरतात, कुठंही एरर येत नाही. राउटरचा पोर्टच जुना, शंभरवाला असेल तरी हेच दिसतं.

काही जण विचारतात की घरातला नंबर १९२.१६८ आणि "माझा आयपी काय" असं गुगल केलं की भलताच, तर खरा कुठला? दोन्ही खरे. चार आकड्यांचे हे जुने पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत, २०११ च्या फेब्रुवारीत जागतिक गंगाजळी संपली आणि त्याच एप्रिलमधे आशियाच्या वाट्याचा साठा तळाला गेला. म्हणून अख्ख्या घराला मिळून बाहेरचा एकच पत्ता, आणि आत कुणाचं पार्सल कुणाला द्यायचं ते राउटर सोसायटीच्या वॉचमनसारखं लक्षात ठेवतो. आता तर कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता, १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला तर तुम्ही अशा मोठ्या वाड्यात राहताय, एक दिंडी दरवाजा आणि आत सगळी बिऱ्हाडं. ब्राउझिंगला काही फरक पडत नाही, पण गावाकडच्या घरातला सीसीटीव्ही बाहेरून थेट उघडायचा म्हणून राउटरमधे पोर्ट (इथं वायरीचं भोक नाही, बाहेरून आत यायची वाट) उघडत बसलात तर जन्मात जमणार नाही, कारण दिंडी दरवाजा तुमच्या ताब्यात नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीचं अ‍ॅप वापरा, किंवा कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा, न बदलणारा बाहेरचा पत्ता घ्या.

बाकी किरकोळ पण भंडावणारं. टास्कबारवर "नो इंटरनेट" दिसतंय आणि नेट मात्र चालतंय, तर चिन्हावर विश्वास ठेवू नका, विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका पत्त्यावरून "मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट" एवढंच लिहिलेली इवलीशी फाइल मागवून बघतं, ती कुठल्या व्हीपीएननं (तुमचं नेट दुसऱ्याच मार्गानं वळवणारं सॉफ्टवेअर) किंवा फायरवॉलनं अडवली की ते म्हणतं नेट नाही. व्हीपीएन आणि प्रॉक्सी (हाही मधला मध्यस्थच) बंद करून बघा, फुकटचं काहीतरी उतरवलेलं असतं आणि प्रॉक्सी तशीच राहून जाते. आणि जुना डेस्कटॉप, जो सुट्टीत महिनाभर प्लग काढून ठेवला होता, त्यात सगळ्या साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणत असतील तर उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल मेला की कॉम्प्युटर कित्येक वर्षं मागं जातो, आणि साइटची प्रमाणपत्रं तारखेवर चालतात, त्याला वाटतं हे प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. तारीख नीट करा, सेल बदला, स्वस्तात मिळतो.

लॅपटॉपचाच दोष आहे हे नक्की झालं आणि वरचं सगळं करून झालं, तरच सेटिंग्जमधलं नेटवर्क रिसेट. (हे विंडोजचं, राउटरच्या भोकाचं नाही.) त्यानं सगळी नेटवर्क कार्डं काढून परत बसवली जातात, वायफायचे साठवलेले पासवर्ड जातात आणि व्हीपीएन परत टाकावा लागू शकतो, तेव्हा पासवर्ड आधी लिहून ठेवा.

मदत केंद्राला फोन करताना "नेट चालत नाही" म्हणालात तर ते राउटर बंद-चालू करायला सांगतात, कारण त्यांच्यासमोरच्या कागदावर पहिली ओळ तीच असते. "गेटवे पिंग होतोय, आठ-आठ-आठ-आठ होत नाही, पॉन हिरवा आहे" असं म्हणा, पुढच्या माणसाचा आवाज बदलतो, निदान मला तरी तसं वाटलंय.

मागच्या रविवारी आत्याचा फोन आला तेव्हा तिनं आधीच आकडा वाचून ठेवला होता. "एकशे ब्याण्णव आहे रे, एकशे एकोणसत्तर नाही." म्हटलं शाबास, आता डब्यावरचे दिवे सांग. "पॉन बंद, लॉस लाल." पिवळी वायर कुठं दबलीय का? "नाही, सरळ आहे." मग म्हणाली थांब, बाहेर कसला एवढा आवाज येतोय ते बघते, आणि दोन मिनिटांनी परत आली तर म्हणते, गटाराच्या लाइनसाठी रस्ता खणतायत, खाली जेसीबी उभा आहे.